यिडिश भाषेतली सोव्हिएत धर्मविरोधी प्रकाशनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता विषय आहे?

१९१७च्या क्रांतीनंतर सोव्हिएत रशिया, युक्रेन आणि बेलारूसमध्ये ज्यू समाजाची रोजची भाषा यिडिश होती. त्या भाषेत, सरकारी पैशाने, ज्यू धर्माविरुद्ध छापलेली पत्रकं, पुस्तकं, नाटुकली, गाणी आणि मासिकं म्हणजे हा विषय. याचा जोर साधारण १९२१ ते १९३५ या काळात होता. छापणारे, लिहिणारे आणि वाचणारे, तिघेही बहुतेक ज्यूच. बाहेरच्यांनी केलेला हल्ला म्हणून याकडे पाहिलं की पुढचं सगळं चुकतं.

यिडिश म्हणजे हिब्रूच ना?

नाही. लिपी एक, भाषा वेगळी. यिडिशचा सांगाडा जर्मन वळणाचा, त्यात स्लाव्ह शब्दांची भर, आणि धर्म, शिक्षण, कायदा, सणवार या बाबतींतला शब्दसंग्रह हिब्रू-अरामाईक. आपल्याकडे संस्कृत आणि मराठीचं जे नातं आहे त्याची थोडी आठवण होते, पण ताणू नये. मराठी संस्कृतच्याच कुळातली आहे, यिडिश हिब्रूच्या कुळातली नाही.

एक भेद मराठी वाचकाला लगेच कळेल. यिडिशमध्ये पुस्तकाला दोन शब्द आहेत. धार्मिक ग्रंथ तो ‘सेफर’, बाकीचं सगळं ‘बुख’. आपली पोथी आणि पुस्तक. पोथी हातातून पडली तर उचलून कपाळाला लावतात, पुस्तक पडलं तर झटकतात; ज्यू घरांतही पडलेल्या सेफरचं चुंबन घ्यायची रीत आहे. धर्मविरोधी छापखान्यातून जे निघालं ते अर्थातच ‘बुख’.

रशियन भाषेत एवढं साहित्य होतं, मग यिडिशमध्ये वेगळं कशाला?

तीन कारणं, आणि तिसरं सर्वांत वजनदार.

पहिलं सरळ आहे. १९२६च्या जनगणनेत सोव्हिएत संघात सुमारे २६ लाख ज्यू होते आणि सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी मातृभाषा यिडिश सांगितली. छोट्या गावांतल्या कारागिरांना रशियन बोलता येई, पण वाचायला यिडिशच सोपी.

दुसरं, रशियन पत्रकांचा ख्रिस्ती रोख. मूर्तिचित्रं, संतांचे अवशेष, लठ्ठ पाद्री, मठांच्या जमिनी. ज्यू वाचकाच्या घरात यातलं काहीच नाही. अशा पत्रकाचं नुसतं भाषांतर करून वाटलं तर वाचक म्हणतो, बरोबर आहे, त्या लोकांचं असंच असतं!

तिसरं, १९१८ ते १९२१ या काळात युक्रेनमध्ये पोग्रोम (ज्यूंवरचे सामूहिक हिंसक हल्ले) होऊन हजारो ज्यू मारले गेले होते. त्यानंतर लगेच एखाद्या रशियन माणसाने रब्बीची (ज्यू धर्मगुरूची) टिंगल केली तर ती धर्मटीका न वाटता जुनाच ज्यूद्वेष वाटला असता. म्हणून ‘आपलं घर आपणच झाडू’ ही भूमिका कम्युनिस्ट पक्षातल्या ज्यू विभागाने, म्हणजे येव्सेक्त्सियाने, घेतली. हा विभाग १९१८मध्ये सुरू झाला आणि १९३०मध्ये बंद केला गेला.

हे लिहिणारे कोण होते?

मोठ्या संख्येने धर्मशाळांत, म्हणजे येशिवांत, शिकलेले लोक. येव्सेक्त्सियाचे पहिले प्रमुख सेम्योन (शिमेन) दिमान्श्तेन यांना रब्बी होण्याची रीतसर मान्यता मिळाली होती. ‘देर एमेस’ या मॉस्कोच्या मुख्य यिडिश दैनिकाचे संपादक मोयशे लित्वाकोव्ह यांचं तरुणपणही येशिवातच गेलं. तालमूद (रब्बींच्या धर्मचर्चांचा मोठा ग्रंथ) पाठ असलेली माणसं तालमूदच्याच वाद घालण्याच्या पद्धतीने तालमूद खोडत होती.

मुख्य मासिकाचं नावच पाहा: ‘देर आपिकोयरेस’, मॉस्को, १९३१ ते १९३५. हा शब्द ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावरून आला, पण यिडिशमध्ये तो ग्रीकमधून थेट आलेला नाही, मिश्नामधून, म्हणजे तालमूदच्या गाभ्याशी असलेल्या जुन्या नियमसंग्रहातून, आला. सानहेद्रिन या भागातल्या दहाव्या अध्यायात, परलोकात ज्यांना वाटा नाही त्यांच्या यादीत आपिकोयरेस आहे. म्हणजे रब्बींनी घातलेली शिवी संपादकांनी पाटीवर लावली. साधा नास्तिक आणि आपिकोयरेस यांत फरक आहे. आपिकोयरेस व्हायला आधी शास्त्र यावं लागतं. अडाणी माणसाला कोणी ही पदवी देत नसे.

‘शब्दांचं स्पेलिंग बदललं’ म्हणजे काय केलं?

या विषयात सर्वांत बारकाईने पाहावी अशी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर.

यिडिशमध्ये जर्मन आणि स्लाव्ह मूळ असलेले शब्द उच्चाराप्रमाणे लिहितात, पण हिब्रू मूळ असलेले शब्द हिब्रूतल्यासारखेच, बहुधा स्वरांशिवाय. मराठीत उद्या कोणी हुकूम काढला की ऋ, ष आणि ज्ञ ही अक्षरं बंद, ‘ज्ञान’ आता ‘द्न्यान’, ‘ऋषी’ आता ‘रुशी’, ‘षष्ठी’ आता ‘शश्टी’. तर जे होईल ते सोव्हिएत यिडिशमध्ये १९२०च्या सुमारास सुरू झालं. फक्त हिब्रू शब्दांसाठीच लागणारी सहा अक्षरं वापरातून गेली आणि सगळे शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिले जाऊ लागले.

‘एमेस’ हा शब्द घ्या. अर्थ सत्य, रशियन ‘प्रावदा’चा तोच अर्थ. जुन्या पद्धतीत तो तीन अक्षरांचा: आलेफ, मेम, सोव्ह. परंपरा म्हणते की ही वर्णमालेची पहिली, मधली आणि शेवटची अक्षरं आहेत आणि सत्य ही देवाची मुद्रा आहे. सोव्हिएत दैनिकाच्या मथळ्यावर तोच शब्द चार अक्षरांचा होतो: आयिन, मेम, आयिन, सामेख. उच्चार तोच, अर्थ तोच, पण आलेफही गेला आणि सोव्हही. मुद्रा नाहीशी झाली. वाचक जुना असेल तर मथळा पाहिल्याबरोबर त्याला ते खुपायचं.

‘शाबेस’ (शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस) तीन अक्षरांवरून पाच अक्षरांवर गेला. ‘तोयरे’ (तोरा, ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र) तर ओळखूच येत नाही, कारण आद्याक्षरच बदलतं.

सरकारी बाजूचं म्हणणं साक्षरतेचं होतं: कामगाराला वाचायला शिकवायचं तर त्याला दोन प्रकारचं शुद्धलेखन कशाला? हे म्हणणं खोटं नव्हतं. पण दुसरा परिणामही तितकाच खरा. अशा शाळेत शिकलेल्या मुलाला आजोबांच्या सेफरमधला ‘शाबेस’ हा शब्द वाचता येईना. कोणत्याही पत्रकापेक्षा हा उपाय जास्त लागू पडला, असं आमचं मत आहे.

शब्दाच्या शेवटी येणारी पाच अक्षररूपं गाळली, ती कोणती?

हिब्रू लिपीत खोफ, मेम, नून, फे आणि त्सादिक या पाच अक्षरांचं शब्दाच्या शेवटी वेगळं रूप येतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत छपाईतून ही पाचही रूपं काढली. जुळाऱ्याच्या खणांतले पाच कप्पे कमी झाले, आणि पान दिसायला विचित्र झालं. नून शब्दाच्या शेवटी खाली लांब उतरते. तिच्या जागी आखूड नून आली की ओळींचे शेपटे छाटल्यासारखे दिसतात. १९६१मध्ये मॉस्कोत ‘सोव्हेतिश हेयम्लांद’ हे मासिक सुरू झालं तेव्हा ही रूपं परत आली. उच्चारानुसारी लेखन मात्र तसंच राहिलं.

मग पुस्तकावर साल नसेल तर काळ कसा ओळखायचा?

वरचं कळलं की हे सोपं आहे. एक परिच्छेद वाचून ठरवता येतं.

हिब्रू शब्द जुन्या पद्धतीने लिहिलेले असतील तर छपाई क्रांतीपूर्वीची, अगदी सुरुवातीची किंवा परदेशातली. हिब्रू शब्द उच्चारानुसार, पण शेवटची रूपं शाबूत, तर १९२०चं दशक. दोन्ही गेलेलं असेल तर १९३२च्या आसपासपासून पुढचं. उच्चारानुसार लेखन आणि शेवटची रूपं परतलेली, तर १९६१नंतरचं.

चूक होते ती दोन ठिकाणी. परदेशातले काही कम्युनिस्ट प्रकाशकही उच्चारानुसारी लेखन करत, म्हणून प्रकाशनाचं गाव पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. आणि मुखपृष्ठावरची सजावटीची अक्षरं पाहून ठरवू नये. चित्रकार कधी जुनं वळण ठेवतो. आतला मजकूर पाहावा.

मुद्रणाच्या तपशिलात काय काय सापडतं?

सोव्हिएत पुस्तकांची ही मोठी सोय आहे. शीर्षकपानाच्या मागे किंवा शेवटच्या पानावर, बहुधा रशियनमध्ये, बारीक टाइपात सगळं दिलेलं असतं: छापखाना, कामाचा क्रमांक, कागदाचा आकार, किती छापील फॉर्म, किती प्रती, किंमत. १९३०च्या दशकातल्या पुस्तकांत जुळणीला कधी दिलं आणि छपाईला मंजुरी कधी मिळाली या तारखाही येतात. शिवाय ग्लाव्हलितचा क्रमांक. ग्लाव्हलित म्हणजे जून १९२२मध्ये स्थापन झालेली सेन्सॉर कचेरी.

पुस्तक उजवीकडून डावीकडे उघडतं, त्यामुळे रशियन शीर्षकपान बऱ्याचदा ‘मागच्या’ बाजूला असतं. स्कॅन करणारे ते रिकामं पान समजून वगळतात आणि नेमका हाच तपशील जातो.

प्रतींचा आकडा म्हणजे वाचकांचा आकडा नव्हे, हेही लक्षात ठेवावं. वाचनालयं, कामगार क्लब आणि शाळा यांना गठ्ठे जात. काही गठ्ठे सुटत, काही सुटत नसत.

धर्मविरोधी हग्गादा म्हणजे काय प्रकार होता?

आधी खरा हग्गादा. पेसाह (वल्हांडण) सणाच्या रात्री ‘सेदर’ नावाच्या विधिवत जेवणात मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेची गोष्ट वाचतात, ती ज्या पुस्तकातून वाचतात ते हग्गादा. महाराष्ट्राला हे पुस्तक परकं नाही. बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६मध्ये शिळाप्रेसवर छापला गेला आणि पुण्यात १८७४मध्ये आणखी एक निघाला. पुण्याच्या प्रतीत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी तयार करतानाची चित्रं आहेत.

मॉस्कोत १९२७मध्ये मोयशे आल्टशुलर यांचा ‘श्रद्धावंतांसाठी आणि आपिकोयरेसांसाठी हग्गादा’ यिडिशमध्ये निघाला. रचना मूळ हग्गादाचीच: तेच टप्पे, त्याच क्रमाने, फक्त भरणा वेगळा. सणाआधी घरातलं खमीर शोधून जाळतात. इथे मेन्शेव्हिक, झायोनिस्ट अशा राजकीय विरोधकांचं ‘खमीर’ जाळायचं. हात धुण्याच्या जागी भांडवलशाहीचा मळ धुवायचा. फारोच्या गुलामीच्या जागी भांडवलाची गुलामी, मिसरमधून सुटकेच्या जागी ऑक्टोबर क्रांती. शेवटी ‘पुढल्या वर्षी यरुशलेममध्ये’ ही जी आस असते, तिच्या जागी या वर्षी इथे क्रांती, पुढल्या वर्षी जगभर.

आता हे वाचून हसू कोणाला येईल? ज्याला मूळ पाठ आहे त्यालाच. आरतीचं विडंबन आरती न ऐकलेल्याला सांगून बघा. १९२७मधल्या वीस वर्षांच्या मुलाने लहानपणी घरी, सेदरला मुलांनी विचारायचे असतात ते चार प्रश्न विचारलेले होते, त्याला प्रत्येक कोपरखळी कळली. त्याच्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेल्याला अर्ध्याहून जास्त मजकूर समजावून सांगावा लागला असता.

पत्रकं सणाच्या आधीच का काढत?

कारण मोहिमा सणांभोवती बांधलेल्या असत: वसंतात पेसाह, शरदात रोश हाशाना (नववर्ष) आणि योम किप्पूर (उपासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस). सणाच्या दिवशी कामावर यावं, कारखाना बंद पडू नये, मुलं शाळेत यावीत, क्लबमध्ये व्याख्यान किंवा नाटक व्हावं. साहित्य त्याआधी गावात पोचायला हवं; सण झाल्यावर आलेला गठ्ठा वर्षभर पडून राहतो.

इथे एक गंमत आहे. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्रसौर: १९ वर्षांत ७ अधिक महिने. त्यामुळे पेसाहचा पहिला दिवस १९३१मध्ये २ एप्रिलला होता आणि अधिक महिना आल्यामुळे १९३२मध्ये २१ एप्रिलला. तारीख ठरवायला नास्तिक संपादकालाही पंचांग उघडावं लागे. आणि सण सूर्यास्ताला सुरू होतो हे विसरून रात्रीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवला तर पहिला सेदर उरकून गेलेला असे.

शनिवारच्या सुट्टीचं काय झालं?

बेने इस्रायलांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शब्बाथ पाळणं म्हणजे काम थांबवणं, आणि म्हणूनच तो पाळायला मालकाची संमती लागते. १९२९मध्ये सोव्हिएत सरकारने सलग चालणारा पाच दिवसांचा आठवडा आणला, १९३१च्या अखेरीस सहा दिवसांचा, आणि तो जून १९४०पर्यंत चालला. सुट्टी आकड्यांप्रमाणे येई. शनिवार आणि रविवार दोन्ही सारखेच निरर्थक झाले. पत्रकांनी शनिवारविरुद्ध लिहिलं ते लिहिलं, खरं काम वेळापत्रकाने केलं.

धर्मावर खटले चालवले, हे खरं आहे का?

हो, नाट्यरूपात. जानेवारी १९२१मध्ये व्हितेब्स्कला ‘खेडर’वर, म्हणजे लहान मुलांच्या पारंपरिक धर्मशाळेवर, जाहीर खटला झाला. त्याचा वृत्तान्त पुढल्या वर्षी तिथेच पुस्तकरूपाने यिडिशमध्ये निघाला. त्याच १९२१मध्ये रोश हाशानाच्या दिवशी कीव्हमध्ये खुद्द ज्यू धर्मावर खटला भरला आणि ‘मृत्युदंड’ सुनावला. जागा कुठली निवडली? १९१३मध्ये मेंडेल बेलिस या निरपराध ज्यू माणसावर, धार्मिक विधीसाठी रक्त हवं म्हणून ख्रिस्ती मुलाला मारल्याच्या खोट्या आरोपाखाली, जिथे खटला चालला, तेच सभागृह. हे पाहून अनेकांचं पित्त खवळलं.

असे वृत्तान्त वाचताना एक सावधगिरी. साक्षीदार, वकील, प्रेक्षकांतून उठणारा माणूस, यांतले बरेच संवाद आधी लिहून ठरवलेले असत. न्यायालयाच्या कागदपत्रांसारखे ते वापरू नयेत.

विरुद्ध बाजूला काही छापता येत होतं का?

१९२०च्या दशकात थोडं. प्रार्थनापुस्तकं आणि पंचांगं काही काळ निघत होती. १९२८मध्ये ‘यग्दिल तोरा’ या रब्बींच्या हिब्रू नियतकालिकाचे दोन अंक निघाले, पुढे परवानगी नाही. कायदाही बदलला. आधी धार्मिक आणि धर्मविरोधी, दोन्ही प्रचारांना घटनेत मुभा होती. मे १९२९च्या दुरुस्तीनंतर धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य राहिलं, प्रचाराचं स्वातंत्र्य फक्त धर्मविरोधकांना. तिथून पुढे वाद उरला नाही, एकाच बाजूचं बोलणं उरलं, आणि आमच्या मते लेखनाचा दर्जाही तिथूनच उतरला. आधी समोर रब्बी असे. त्याला हरवायला युक्तिवाद लागे.

इतर अल्पसंख्य भाषांतही असंच होतं का?

हो. १९२५मध्ये स्थापन झालेल्या निरीश्वरवादी संघाचं (प्रमुख येमेल्यान यारोस्लाव्स्की, १९२९पासून नावात ‘लढाऊ’ची भर) काम अनेक भाषांत चाले. उझबेकमध्ये १९२८पासून ‘खुदोसिझलर’ निघालं. तिथे तर अरबी लिपीच काढून लॅटिन आणली. यिडिशची लिपी मात्र हलवली नाही, फक्त आतून सोलली.

सोव्हिएत यिडिश पुस्तकं बहुतेक धर्मविरोधीच होती का?

नाही. पाठ्यपुस्तकं, कथा-कविता, राजकीय पुस्तकं, शेतीची माहिती यांच्यापुढे हा भाग लहान आहे. उलट चूकही होते: योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी मुद्दाम ठेवलेल्या नाचगाण्याची प्रत्येक पत्रिका सोव्हिएत समजली जाते. तो प्रकार लंडन आणि न्यूयॉर्कच्या यिडिश अराजकवाद्यांनी १८८०-९०च्या सुमारासच सुरू केला होता.

याचा परिणाम झाला का?

लोक क्लबमध्ये विडंबन ऐकून हसत आणि घरी आजीच्या सेदरलाही बसत. १९३७च्या जनगणनेत धर्माचा प्रश्न होता. सोळा वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक नागरिकांनी आपण श्रद्धावंत असल्याचं सांगितलं, आणि ती जनगणना दाबून टाकली गेली. हा आकडा सर्व धर्मांचा आहे. ज्यूंपुरता तो लावू नये. तरुण ज्यू धर्मापासून दुरावले हे खरं. पण शहर, कारखाना, रशियन शाळा आणि आठवड्याचं गणित यांपासून पत्रकांचा वाटा वेगळा काढणं जमत नाही.

हे सगळं बंद कसं झालं?

‘देर आपिकोयरेस’ १९३५मध्ये थांबलं. १९३८मध्ये ‘देर एमेस’ दैनिक बंद झालं, यिडिश शाळा मिटवल्या गेल्या. बेलारूसच्या राजचिन्हावर चार भाषांत घोषवाक्य होतं, त्यातली यिडिश त्याच वर्षी गेली. लित्वाकोव्ह यांना १९३७मध्ये अटक झाली आणि ते परतले नाहीत. दिमान्श्तेन यांना १९३८मध्ये गोळी घातली. नोव्हेंबर १९४८मध्ये ‘देर एमेस’ प्रकाशनगृहही बंद केलं. १२ ऑगस्ट १९५२ला ज्यांना गोळ्या घातल्या त्यांत पेरेत्स मार्किश, दाविद बेर्गेल्सन असे यिडिशचे मोठे लेखक होते. सेफर आधी गेला, मग बुखही.

आज हे वाचायला कुठे मिळतं?

अमेरिकेत अ‍ॅमहर्स्ट इथल्या यिडिश बुक सेंटरच्या डिजिटल संग्रहात हजारो यिडिश पुस्तकं मोफत आहेत. इस्रायलचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि कीव्हचं व्हेर्नाद्स्की ग्रंथालय यांचे संग्रहही मोठे.

शोधताना एकच शब्द दोन्ही पद्धतींनी टाकावा, जुन्या आणि उच्चारानुसारी. काही सूचींत नाव सोव्हिएत लेखनात असतं, काहींत सूचिकाराने ते ‘दुरुस्त’ केलेलं असतं. विडंबनाचा हग्गादा ‘धर्म, प्रार्थना’ या विषयाखाली लावलेला सापडला तर नवल नाही. स्कॅनवरून मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअर शेवटची रूपं नसलेल्या पानांवर अडखळतात.  शंका आली तर चित्र पाहावं.

मूळ प्रत हाताळायची असेल तर?

कागद बहुतेक स्वस्त लाकडी लगद्याचा, आम्लामुळे तपकिरी झालेला. पान दुमडलं की घडीवर तुटतं. पुस्तक १८० अंशांत सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना आधार देऊन ९० ते १०० अंशांवर ठेवावं आणि वरून फोटो घ्यावा. गंजलेल्या तारेच्या टाचण्या ओढून काढू नयेत, कागद सोबत येतो. चिकटपट्टी अजिबात नको. तुटलेले कोपरे त्याच पानाच्या क्रमांकासह वेगळ्या पाकिटात ठेवावेत, आणि क्रमांक लिहिताना पानं उजवीकडून मोजावीत.